सुंग काळातल्या कविता ज्या काजळीने लिहिल्या

चीनची सुंग राजवट म्हटली (इ.स. ९६० ते १२७९) की कविता, सुलेखन, निसर्गचित्रं, चिनी मातीची नाजूक भांडी असं सगळं डोळ्यासमोर येतं, आणि ते खरंच आहे, तेवढा बहर क्वचितच कुठे आला असेल. पण मला कायम एक प्रश्न पडायचा, की लाकडी ठोकळ्यांवरून धडाधड पुस्तकं छापली जातायत, सरकारी परीक्षेसाठी पोरं वर्षानुवर्षं लिहितायत, कवी एकमेकांना पत्रं पाठवतायत, मग एवढी शाई यायची कुठून?

तर ती यायची काजळीतून. पाइनचं राळेने भरलेलं लाकूड भट्टीत कमी हवेवर जाळायचं, म्हणजे कार्बन पूर्ण जळत नाही आणि धूर दाट निघतो. आगीपासून जितकी लांब बसलेली काजळी तितकी बारीक, आणि तीच भारी शाईला वापरायची. मग त्यात जनावरांच्या चामड्याचा सरस घालून भरपूर कुटायचं, साच्यात दाबून वड्या पाडायच्या आणि सावकाश वाळवायच्या. लिहायच्या वेळी आपण सहाणेवर चंदन उगाळतो ना, अगदी तसंच पाणी घालून दगडावर वडी उगाळायची.

यात सरसाचं काम फार मस्त आहे. नुसती काजळी पाण्यात टाकून बघा, ती वर तरंगते किंवा गोळे होऊन बसते. सरस प्रत्येक कणाभोवती पातळ आवरण करतो, त्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत, शाई एकसारखी राहते आणि वाळल्यावर कागदाला धरून बसते. (आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांच्या शाईतही काजळीच असायची, फक्त सरसाऐवजी डिंक.) आणि कार्बन असा पदार्थ आहे की ऊन, हवा, पाणी कशाशीच सहज रिअ‍ॅक्शन करत नाही, म्हणून रंग उडत नाही. युरोपात मायफळ आणि हिराकस यांची शाई वापरायचे, ती आम्लधर्मी, काही ठिकाणी तिने कागदच खाल्लाय. सू शी या कवीने ह्वांगचौच्या हद्दपारीत लिहिलेल्या पावसाच्या दोन कवितांची गुंडाळी आज तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे, एकदा आगीतून वाचलेली, कडेला जळल्याचे डाग आहेत, पण नऊशे वर्षांनंतरही अक्षरं काळीभोर.

पण या सगळ्याची किंमत जंगलांनी मोजली. शेन क्वो (१०३१ ते १०९५) हा अधिकारी आणि त्या काळातला जबरदस्त निरीक्षक, त्याने १०८८ च्या सुमारास लिहिलेल्या टिपणांमध्ये स्पष्ट नोंदवलंय की शान्तुंग भागातली पाइनची जंगलं संपली आणि आता इतर डोंगरही बोडके व्हायला लागलेत. वायव्य सीमेवर, यानचौला नेमणूक असताना त्याने पाहिलं की जमिनीतून एक तेल पाण्याबरोबर झिरपतं, लोक ते फेझंट नावाच्या पक्ष्याच्या शेपटीच्या पिसांनी टिपून मडक्यात गोळा करतात, आणि पेटवलं की इतका दाट धूर निघतो की तंबूचे पडदे काळे होतात. दुसरा कोणी वैतागला असता. याने तीच काजळी खरवडून शाई बनवली! या तेलाला त्याने वापरलेला 'शिह-यू' म्हणजे दगडाचं तेल हा शब्द चिनी भाषेत पेट्रोलियमसाठी आजही चालतो, आणि पुढे हे तेल जगात खूप वापरलं जाईल असंही त्याने लिहून ठेवलंय. शाई वापरून बघितली सू शीने, आणि त्याचं मत पडलं की ती घट्ट, काळी आणि पाइनच्या शाईपेक्षा वरचढ आहे.

सू शीला हे कळायचं कारण तो स्वतः शाई करायचा. म्हातारपणी त्याला थेट हैनान बेटावर हद्दपार केलं, तिथे पाइन होते पण चांगली शाई मिळेना, म्हणून त्याने एका शाईवाल्याबरोबर घरातच भट्टी लावली. १०९९ च्या चिनी वर्षातल्या शेवटच्या महिन्यात भट्टीची आग इतकी भडकली की घरच जळायचं राहिलं. कशीबशी विझवली आणि शाईचा नाद तिथेच थांबला. हाती लागल्या लहानमोठ्या ५०० वड्या, त्याने लिहिलंय की जन्मभर पुस्तकं लिहायला एवढ्या पुरे, आणि पाइनचं गाडीभर लाकूड उरलं होतं ते रात्री उजेडाला जाळलं.