नास्तिकाने गाथा वाचावी का?

आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की एक समज हमखास ऐकू येतो: देव मानत नसाल तर ज्ञानेश्वरी आणि गाथा तुमच्यासाठी नाहीत; आणि तरीही त्या आवडल्या, तर तुम्ही आतून आस्तिकच. दोन्ही चूक.

देहूच्या तुकोबांचेच पाहा. ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता.’ बहुमत झुगारून स्वतःच्या मनाला साक्षी ठेवण्याची ही भूमिका कुठल्याही विवेकवाद्याला आपली वाटेल. ‘नवसें कन्यापुत्र होती, तरी कां करणें लागे पती’ हा तर सरळ युक्तिवाद आहे. तो पटायला विठ्ठलावर श्रद्धा लागत नाही. तो करणाऱ्याची मात्र होती, आणि अपार होती.

ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय मला त्याहून मोलाचा वाटतो. गीतेत तिथे ‘अहिंसा’ हा एकच शब्द येतो; ज्ञानेश्वर त्यावर कितीतरी ओव्या खर्च करतात. मांजरी पिल्लू तोंडात धरते पण दात रुतू देत नाही, तसे अहिंसकाचे पाऊल जमिनीवर पडते. तेराव्या शतकातले नव्हे, आजचे नीतिशास्त्र वाचणाऱ्यालाही इथे थांबावे लागते.

मात्र विठ्ठल वगळून उरेल तेवढेच ‘खरे’ तुकोबा म्हणणेही अन्यायाचे. त्यांची विरहाची तळमळ देवासाठीच आहे. ती तशीच समजून घ्यावी. मान्य करण्याची अट कोणी घातलेली नाही.