स्टिअरिंगमधली सारंगी

आमच्या पार्किंगमधून गाडी काढायची तर स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवावं लागतं. गेले दोन महिने सकाळी साडेसहाला तेवढ्या वळणात 'चूंऽऽईक' असा आवाज यायचा. तळमजल्यावरच्या काकूंनी "गाडीत उंदीर शिरलाय का हो?" असं विचारून झालं. शेजाऱ्यांनी लिंबू-मिरची बदलायला सांगितलं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आला : गंज सोडवायचा स्प्रे मारा, आवाज दहा सेकंदांत गायब. लिंबाचं एक बरं असतं, ते निदान काही बिघडवत नाही. स्प्रेबद्दल तेवढी खात्री देता येत नाही. ती का, हे कळायला आधी आवाज होतो कसा ते बघू.

घासून धुतलेल्या स्टीलच्या ताटावर ओला अंगठा दाबून सरकवा. तेलकटपणा पुरता गेला असेल तर ताट 'चूं' करतं. अंगठा एकसारखा सरकतोय असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. कातडी ताटाला चिकटते, ताणली जाते, ताण असह्य झाला की सुटून पुढे घसरते आणि पुन्हा चिकटते. हे सेकंदात शेकडो वेळा होतं, म्हणून कानाला सूर ऐकू येतो. स्थितिक घर्षण (थांबलेल्या वस्तूचं) गतिक घर्षणापेक्षा (सरकत्या वस्तूच्या) जास्त असतं, हे वाक्य शाळेत सगळ्यांनीच पाठ केलंय. त्या दोन आकड्यांतल्या फरकातच हा आवाज दडलेला आहे.

विटेला रबर बांधून टेबलावर हळूहळू ओढा. वीट ढिम्म हलत नाही, मग एकदम उडी मारते, पुन्हा थांबते. ओढ एकसारखी, चाल मात्र धक्क्याधक्क्याची. सारंगिया गजाला राळ चोळतो ती हा फरक वाढवण्यासाठीच. गज तारेला धरून ओढत नेतो, तार निसटते, परत पकडली जाते. व्हायोलिनच्या तारेची अशी करवतीच्या दात्यांसारखी हालचाल हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकातून बघितली होती. वंगणाचं काम राळेच्या नेमकं उलट.

आता थोडं अवघड. बऱ्याच पृष्ठभागांत वेग वाढला की घर्षण काहीसं कमी होतं. म्हणजे कंपन होताना भाग ज्या दिशेला जातो त्याच दिशेला त्याला घर्षणाकडून थोडा जादा रेटा मिळतो, झोपाळा पुढे जाताना मागून हात लावावा तसा. याला ऋण अवमंदन म्हणतात. एरवी कंपन मारणारं घर्षण इथे कंपन पोसतं. सूर किती उंच हे मुख्यतः भागाचा कडकपणा आणि वस्तुमान ठरवतात. रबराची पातळ कड 'चूं' करते, जड लोखंडी सांधा 'कर्रर' करतो. आणखी एक गंमत कुलाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाला अठराव्या शतकातच आढळली होती : दोन पृष्ठभाग जितका वेळ एकमेकांवर पडून राहतात, तितकं स्थितिक घर्षण वाढत जातं. रात्रभर उभ्या गाडीचं पहिलंच वळण सगळ्यात जास्त का ओरडतं, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं म्हणजे थंडीत कडक झालेलं रबर.

पण ओरडतंय कोण? इंजिन बंद ठेवून चावी फक्त 'ऑन'वर आणा आणि एकाला स्टिअरिंग सावकाश फिरवायला सांगा. जड जाईल, पण फिरेल. आवाज फक्त इंजिन चालू असतानाच येत असेल आणि पॉवर स्टिअरिंग जुन्या पद्धतीचं, तेलावरचं असेल, तर संशय पंपाच्या पट्ट्यावर. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांत ते विजेवर चालतं, तिथे असा पंपही नाही नि त्याचं तेलही नाही. इंजिन बंद असतानाही आवाज आला, तर बागेच्या पाइपचा हातभर तुकडा कानाला लावा आणि दुसरं टोक एकेका जागी नेऊन ऐका. हात मात्र चाकापासून लांब ठेवा. बॉनेटखाली शॉकअपच्या वरच्या टोकाशी आवाज असेल आणि स्प्रिंग अडकून 'टण्ण' करत सुटत असेल, तर त्याला वरून धरणाऱ्या माउंटिंगचं बेअरिंग गेलं. चाकामागे खालून येत असेल तर बॉल जॉइंट (चाक वळू देणारा, वाटीत फिरणाऱ्या गोळीचा सांधा) किंवा टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा रेटा चाकाला देणाऱ्या दांड्याचं टोक). स्टिअरिंगच्याच पोटात असेल तर प्लॅस्टिकचं झाकण घासत असेल. त्याच्या आत एअरबॅगची वायर असते, ते घरी उघडू नका.

माझा आवाज पेडलच्या वरून येत होता. गॅरेजवाल्यानं आख्खी रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा दातेरी दांडा) बदलायचा खर्च सांगितला होता. पाइप लावल्यावर कळलं, स्टिअरिंगचा दांडा जिथून इंजिनाच्या बाजूला जातो तिथलं रबरी सील कोरडं पडलं होतं. पुसून घेतलं, वाटाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस बोटानं लावलं, स्टिअरिंग चारदा इकडून तिकडे फिरवलं. झालं. साधं खनिज ग्रीस बऱ्याच रबरांना फुगवतं, म्हणून सिलिकॉन. खोबरेल तेल सुचवणारेही भेटले, पण ते साधारण 24 अंशांखाली थिजतं. म्हणजे पुण्याच्या डिसेंबरात, सकाळी साडेसहाला, तिथे खोबऱ्याची वडी.

आता स्प्रेकडे. त्यात बराचसा भाग उडून जाणारा द्रावक असतो. मागे उरणारा तेलाचा पातळ थर जड सांध्यात टिकत नाही, आणि द्रावक जुनं ग्रीस धुऊन नेतो. सीलच्या बाबतीत हे फार तर वैतागाचं. बॉल जॉइंटचं तसं नाही. त्याचं रबरी बूट, म्हणजे वरचं आवरण, फाटलं की पावसाळ्यात आत पाणी आणि चिखल जातो, ग्रीस बाहेर पडतं, गोळी आपल्या वाटीत झिजत जाते. फार झिजली की निसटते आणि चाक बाहेरच्या बाजूला लोळतं. तो सांधा ओरडत असेल तर ओरडू द्यावा आणि बदलून घ्यावा, चाकांच्या अलाइनमेंटसकट.

लिंबू-मिरचीवाल्या शेजाऱ्यांच्या गाडीला मी परवा पाइप लावून ऐकलं. डाव्या चाकामागे 'कर्रर'. बूटला बोट जाईल एवढी चीर होती. त्यांनी दोन दिवसांपूर्वीच तिथे स्प्रे मारला होता.