जुनी डिझेल क्रूझिंग बोट घेताय? पात्रता, कागदपत्रं आणि नावावर करून घ्यायची प्रक्रिया

सेकंडहँड डिझेल बोट बघायला गेलं की सगळे आधी इंजिनाचं झाकण उघडतात. ते बघायचंच आहे, पण त्याआधी विकणाऱ्याकडे कागदांची फाइल मागा, कारण इंजिन पैसे घालून नीट करता येतं पण मालकीचाच कागद कच्चा असेल तर पैसे देऊनही बोट तुमची होत नाही.

आधी पात्रता. बोट विकत घेणं वेगळं आणि एखाद्या देशाच्या झेंड्याखाली तिची नोंदणी करणं वेगळं. नोंदणीला अटी असतात, कुठे नागरिकत्व बघतात, कुठे राहण्याचा पत्ता, कुठे बोटीचा आकार. अमेरिकेत कोस्ट गार्डकडे नोंद करायची तर बोट किमान 5 नेट टन (हे वजन नाही, बोटीच्या आतल्या जागेचं माप) आणि मालक अमेरिकन नागरिक लागतो. ब्रिटनमध्ये 24 मीटरच्या आतल्या खाजगी बोटींसाठी जहाज नोंदवहीचा पार्ट 3 हा विभाग आहे, ते सोपं पडतं, पण त्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही आणि बोटीवरचं कर्जही त्यात दिसत नाही, त्यासाठी पार्ट 1 ची नोंद बघावी लागते. म्हणून कोणी नुसतं रजिस्ट्रेशन दाखवून "सगळं क्लिअर आहे" म्हणालं तर तेवढ्यावर पैसे देऊ नका. आणि दुसऱ्या देशाच्या पाण्यात चालवणार असाल तर चालवण्याचं सर्टिफिकेटही लागू शकतं, युरोपात बऱ्याच ठिकाणी आयसीसी, म्हणजे बोट चालवता येत असल्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, मागतात.

मुख्य कागद म्हणजे बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीचा सही केलेला दस्त. नुसतं आत्ताचं नाही, आधीच्या मालकांचीही मागा, बोट बनवणाऱ्यापासून आजपर्यंतची साखळी जुळली पाहिजे. दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्याही सह्या, मालक वारला असेल तर वारसाला विकायचा अधिकार देणारा कागद, कंपनीच्या नावावर असेल तर कंपनीचा ठराव.

मग टॉर्च घेऊन बोटीच्या मागे जा. मागच्या आडव्या भिंतीवर, बहुतेक वेळा उजव्या बाजूला वरच्या कडेजवळ, हल नंबर, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो. अमेरिकेत तो 12 अक्षरांचा, आंतरराष्ट्रीय पद्धतीत पुढे देशाचा कोड लागून 14 चा. एकेक अक्षर कागदाशी ताडून बघा, नंबरच्या आजूबाजूला घासल्याच्या किंवा नवीन जेलकोटच्या (फायबरवरच्या चकचकीत बाहेरच्या थराच्या) खुणा असतील तर तिथेच थांबून विचारा. इंजिन नंबरचंही तसंच. इंजिन मध्ये कधी बदललेलं असेल तर त्याचं बिल हवं, नाहीतर इन्शुरन्सच्या फॉर्मवर काय लिहिणार?

आता ज्याकडे सगळ्यात जास्त कानाडोळा होतो ते. बोटीवरची काही देणी मालकाच्या नाही, बोटीच्या मानगुटीवर बसतात. क्रूचा पगार थकलेला असेल, आणि बऱ्याच देशांत रिपेअर यार्डचं किंवा मरीनाचं (बोटी लावायच्या धक्क्याचं) बिल थकलं असलं तरी, मालक बदलला म्हणून ते देणं सुटत नाही आणि बोट अडवून ठेवता येते. यातलं सगळं रजिस्ट्रीत दिसत नाही. म्हणून रजिस्ट्रीचा उतारा काढाच, शिवाय मरीना आणि यार्डकडून "येणं बाकी नाही" असं लेखी घ्या, आणि बोटीवर कर्ज असेल तर बँकेचं फिटल्याचं पत्र. तोंडी आश्वासन नको. युरोपात घेताय तर व्हॅट भरल्याचा मूळ पुरावाही मागा, तो हरवलेला असेल तर पुढे त्रास होतो.

हे जमलं की लेखी करार. साधारण 10 टक्के डिपॉझिट देतात, पण "सर्व्हे (तज्ज्ञाकडून तपासणी) आणि सी ट्रायल (पाण्यात चालवून बघणं) समाधानकारक असेल तरच" ही अट करारात हवी आणि अट पूर्ण झाली नाही तर डिपॉझिट परत कधी मिळणार तेही. सर्व्हेअर तुम्ही नेमा, ब्रोकरने सुचवलेला नको. बोट पाण्याबाहेर काढून हल तपासून घ्या, इंजिन ऑइलचं सँपल लॅबला द्या. ट्रायलच्या दिवशी पोचल्यावर इंजिनाला हात लावून बघा, ते थंड असलं पाहिजे, कारण आधीच गरम करून ठेवलं असेल तर थंड स्टार्टला होणारा त्रास आणि धूर दिसणारच नाही. हाच सर्व्हे रिपोर्ट इन्शुरन्सला लागतो, जुन्या बोटीला त्याशिवाय बऱ्याच कंपन्या पॉलिसी देत नाहीत, आणि पॉलिसी नसेल तर बरेच मरीना जागा देत नाहीत.

उरलेले पैसे आणि सही केलेलं मूळ बिल ऑफ सेल एकाच वेळी हातबदल झालं पाहिजे, शक्यतो एस्क्रोमधून, म्हणजे व्यवहार पूर्ण होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवून. मग ओळखपत्र, बिल ऑफ सेल, जुनं रजिस्ट्रेशन आणि फी जोडून नाव बदलायचा अर्ज. झेंडा बदलणार असाल तर जुन्या रजिस्ट्रीचं नोंद रद्द केल्याचं सर्टिफिकेटही, ते नसेल तर नवीन नोंद अडकते, त्यामुळे विकणाऱ्याला त्याचा अर्ज आधीच करायला लावा. रेडिओ लायसन्स आणि 9 आकडी एमएमएसआय (बोटीच्या रेडिओचा ओळख क्रमांक) तुमच्या नावावर करा. आणि इपर्बची (संकटात उपग्रहाला सिग्नल देणाऱ्या यंत्राची) नोंद त्याच आठवड्यात बदला, नाहीतर संकटात तुम्ही सिग्नल दिलात की शोधपथक फोन लावेल जुन्या मालकाला.