ईस्ट आणि वेस्ट: एनबीएचा तोल कसा ढळला

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे संघ ईस्ट (पूर्व) आणि वेस्ट (पश्चिम) अशा दोन गटांत, म्हणजे कॉन्फरन्समध्ये, विभागलेले असतात आणि प्रत्येकीतले आठ संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, जातात. 2008 च्या एप्रिलमध्ये हंगाम संपला तेव्हा वेस्टच्या गोल्डन स्टेट वॉरियर्सनी 82 पैकी 48 सामने जिंकले होते आणि तरीही ते प्लेऑफला मुकले. वेस्टमध्ये आठव्या आलेल्या डेन्व्हरचेच 50 विजय होते. त्याच हंगामात ईस्टमधून अटलांटा हॉक्स अवघ्या 37 विजयांवर आत गेले. 2014 मध्ये हीच गत फिनिक्स सन्सची झाली: 48 विजय, तरी बाहेर, आणि ईस्टमधून पुन्हा अटलांटाच, 38 विजयांवर आत. कोणती कॉन्फरन्स तगडी, हे मला विजेतेपदांपेक्षा या आठव्या जागेवरून जास्त नेमकं कळतं. चषक एकाच संघाच्या जोरावर येतो, आठवी जागा मात्र सगळ्या कॉन्फरन्सचा कस दाखवते.

ही दरी सुरुवातीपासूनची नाही. 1970-71 च्या हंगामात लीगची दोन कॉन्फरन्समध्ये विभागणी झाली. ऐंशीच्या दशकात वेस्टच्या लेकर्सनी पाच विजेतेपदं घेतली, ईस्टच्या सेल्टिक्सनी तीन. नव्वदीत मायकेल जॉर्डनच्या, ईस्टमधल्या शिकागोने सहा घेतली.

1999 च्या जानेवारीत जॉर्डनने निवृत्ती जाहीर केली, पण ईस्टची पुढची घसरण त्याआधीच ठरून गेली होती. 1996 मध्ये शकील ओनील ऑर्लँडो सोडून लेकर्सकडे गेला. त्याच वर्षी शार्लटने ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) निवडलेला कोबी ब्रायंटही लेकर्सना मिळाला. 1998 मध्ये मिलवॉकीने डर्क नोवित्स्कीला निवडलं आणि लगेच डॅलसला देऊन टाकलं. तिन्ही संघ ईस्टचे, तिघेही खेळाडू वेस्टला! यात 1997 ची लॉटरी, म्हणजे ड्राफ्टमधली पहिली निवड कोणाची हे ठरवणारी सोडत, जास्त जिव्हारी लागणारी. 67 सामने हरलेल्या बॉस्टनला पहिल्या निवडीची सर्वांत जास्त संधी होती. पण सोडतीचे चेंडू वेस्टमधल्या सॅन अँटोनियो स्पर्सच्या बाजूने पडले. प्रमुख खेळाडू डेव्हिड रॉबिन्सनच्या दुखापतीने त्या वर्षी गाळात गेलेल्या या संघाला टिम डंकन मिळाला. 1999 ते 2014 या 16 हंगामांत 11 विजेतेपदं वेस्टकडे गेली, त्यातली पाच डंकनच्या स्पर्सची.

वेळापत्रकही समजून घ्यायला हवं. प्रत्येक संघ 82 पैकी 52 सामने आपल्याच कॉन्फरन्समध्ये खेळतो, समोरच्या कॉन्फरन्सशी फक्त 30. म्हणजे तगड्या कॉन्फरन्समधले संघ एकमेकांचेच विजय खातात, आणि ईस्टमधले 45 विजय व वेस्टमधले 45 विजय सारखे धरता येत नाहीत. खरी तुलना त्या 30 सामन्यांतच होते, आणि 1999-2000 पासून बहुतेक हंगामांत तिथे वेस्टच वरचढ राहिला आहे.

2024-25 मध्ये वेस्टच्या ओक्लाहोमा सिटी थंडरने ईस्टविरुद्धचे 30 पैकी 29 सामने जिंकले. अंतिम फेरीत समोर आला ईस्टमध्ये चौथा आलेला इंडियाना. पहिल्याच सामन्यात 0.3 सेकंद उरले असताना टायरीझ हॅलिबर्टनने बास्केट केली आणि थंडर घरच्या कोर्टवर 110-111 असे हरले. पूर्ण हंगामात ईस्टकडून एकदाच हरलेला हा संघ या एका मालिकेत तीनदा हरला, आणि विजेतेपदासाठी त्याला सातव्या, म्हणजे शेवटच्या सामन्यापर्यंत झुंजावं लागलं.