दाखल्यावरचा टक्का आणि कमाईचा टक्का

"चाळीसच्या खाली काही मिळत नाही म्हणाले, ताई."

समोर बसलेला माणूस साकीनाक्याच्या एका गाळ्यात पॉवर प्रेस चालवायचा. उजव्या हाताची मधली, तिच्या शेजारची आणि करंगळी, तिन्ही बोटं मुळापासून गेलेली. प्लास्टिकच्या पिशवीची गाठ सोडायला उजवा हात सवयीने पुढे यायचा आणि अर्ध्यावर थांबायचा. शेवटी मेहुण्याने गाठ सोडली. आत दिव्यांग दाखला होता, २२ टक्के. दाखला हातात पडला तेव्हा खिडकीपलीकडून कोणीतरी हे चाळीसचं वाक्य ऐकवलं होतं आणि तेव्हापासून आठ महिने हा माणूस घरी बसून होता. शेठकडे गेला नाही, कोर्टाची पायरी चढला नाही.

खिडकीपलीकडचा माणूस खोटं बोलला नव्हता. फक्त तो एका टक्क्याबद्दल बोलत होता आणि ऐकणाऱ्याला हवा होता दुसरा. युनियनच्या कचेरीत कागद भरून देताना दर महिन्याला एक तरी माणूस या दोन टक्क्यांची गल्लत करून येतो. कधीकधी वकीलही करतात.

पहिला टक्का दाखल्यावरचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली मिळणारा. मुंबईत तो पालिकेच्या किंवा सरकारी मोठ्या रुग्णालयात, नाहीतर हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत काढतात. डॉक्टर सांधा किती वाकतो, पकड किती उरली, अवयव कुठून तुटला हे मोजतात आणि ठरलेल्या तक्त्यावरून आकडा काढतात. माणूस सुतार आहे की शाळामास्तर, हे त्या तक्त्याला विचारायचंच नसतं, आणि ते बरोबरही आहे. सरकारी नोकरीतलं आरक्षण किंवा सवलती द्यायच्या तर सगळ्यांना एकच फूटपट्टी हवी. तिथे ४० टक्क्यांची रेघ आहे. २२ टक्केवाला रेघेच्या खाली राहतो. विषय संपला.

दुसरा टक्का कमाईचा. कोर्टाच्या कागदात त्याला अर्जनक्षमतेतील घट म्हणतात. कामावर इजा झाली तर मालकाने किती पैसे द्यायचे हे या टक्क्यावर ठरतं. इथे ४० ची रेघ नाही. खरं तर कुठलीच रेघ नाही. करंगळीचं नुसतं टोक गेलं, हाडाला धक्काही लागला नाही, तरी १९२३ च्या भरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात त्याला २ टक्के लिहिलेले आहेत. तर्जनी पूर्ण गेली तर १४, अंगठा गेला तर ३०, एका डोळ्याची नजर गेली तर ३०, पंजा गेला तर ६०, हात खांद्यातून गेला तर ९०. दोन्ही हात, दोन्ही डोळ्यांची कामापुरती नजर, पूर्ण बहिरेपण यांना थेट १००. या यादीतल्या इजेसाठी कमाई घटली हे सिद्ध करत बसावं लागत नाही. कायदाच ती घटली असं धरून चालतो. अवयव तुटला नाही पण कायमचा निकामी झाला, तरी तो गेला असंच समजायचं, अशी टीपही त्या यादीखाली आहे. ती टीप फार थोडे लोक वाचतात.

या माणसाच्या पिशवीत आणखी एक कागद निघाला. शेठच्या विमा कंपनीचं पत्र, २६ टक्क्यांचा हिशोब करून. मी आधी चक्रावले, मग लक्षात आलं. परिशिष्टात एकेका बोटाचे आकडे वेगळे आहेत: मधल्या बोटाचे १२, अनामिकेचे ७, करंगळीचे ७. बेरीज २६. पण त्याच परिशिष्टात 'एका हाताची तीन बोटं' अशी स्वतंत्र ओळ आहे आणि तिच्यासमोर ३० लिहिलंय. पत्र करणाऱ्याने ती ओळ पाहिली नाही, की पाहून सोडली, देव जाणे.

चार टक्के म्हणजे किती, ते करून बघू. कायमच्या पूर्ण अपंगत्वाची भरपाई म्हणजे महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणक. पगार कितीही असला तरी जानेवारी २०२० पासून हिशोबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात, त्याआधी ८,००० धरायचे. अपघाताच्या वेळी माणसाचं वय ३८ पूर्ण, पगार १७,०००. म्हणजे १५,००० चे ६० टक्के, ९,०००. अडतिसाव्या वर्षाचा गुणक १८९.५६. गुणाकार १७,०६,०४०. हा झाला पूर्ण आकडा. त्याचे ३० टक्के ५,११,८१२. २६ टक्के धरले की ६८,२४२ रुपये कमी. दाखल्यावरचे २२ धरले तर १,३६,४८३ कमी. आणि खिडकीवरचं वाक्य खरं धरलं तर शून्य.

यादीत बसणाऱ्या इजेचं गणित असं सुटसुटीत असतं. खरा घोळ होतो तो यादीबाहेरच्या इजांमध्ये. परांचीवरून पडून कंबरेचा मणका दबलेला गवंडी घ्या, किंवा गुडघा जेमतेम वाकणारा हमाल. बोट तुटलेलं नाही, पाय कापलेला नाही, म्हणून यादी गप्प बसते. मग कायदा म्हणतो, पात्र डॉक्टरने कमाईची क्षमता किती घटली ते ठरवावं आणि ठरवताना यादीतल्या आकड्यांचं भान ठेवावं. डॉक्टर मात्र सवयीने दाखल्याची भाषा लिहून देतात: 'उजव्या पायाचे ३५ टक्के कायम अपंगत्व.' यात तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. एका पायाचे ३५ टक्के म्हणजे अख्ख्या शरीराचे ३५ टक्के नव्हेत, शरीराचे त्याहून बरेच कमी. आणि शरीराचे जितके, तितकीच कमाई घटली असंही नाही. हमालाची जास्त घटते, तिकीट खिडकीवर बसणाऱ्याची कमी.

इथे मोटार अपघाताच्या दाव्यांशीही गल्लत होते, कारण तेच वकील दोन्हीकडे उभे राहतात. मोटार अपघाताच्या न्यायाधिकरणापुढे डॉक्टरने फक्त शरीराचं सांगायचं आणि कमाईचा टक्का न्यायाधिकरणाने ठरवायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सविस्तर मांडलंय. डावा हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार जवळजवळ पूर्ण कमाई गमावतो आणि तोच हात गेलेला सरकारी कारकून आपल्या खुर्चीवर राहू शकतो, हे उदाहरण तिथलंच. कामगार भरपाईत मात्र यादीबाहेरची इजा असेल तर कमाईच्या घटीबद्दल डॉक्टरनेच मत द्यायचं असतं. फक्त 'पायाचे ३५ टक्के' असं लिहिलेला कागद घेऊन गेलात तर समोरचा वकील त्याच भोकातून आख्खा दावा बाहेर काढतो.

कामाचा आणि टक्क्याचा संबंध काय असतो याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण जुनं आहे. ओडिशातल्या जेपोरचा एक सुतार ६ जुलै १९६८ रोजी सिनेमागृहात नक्षीकाम करताना पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. यादीप्रमाणे ७० टक्के. मालकाचं म्हणणं, ७० घ्या आणि गप्प बसा. भरपाई आयुक्त, म्हणजे असे दावे ऐकणारे अधिकारी, म्हणाले, सुतारकाम एका हाताने होत नाही, हा माणूस पूर्ण निकामी झाला, १०० टक्के. डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. कचेरीत आम्ही त्या निकालाला 'प्रताप नारायण' म्हणतो. व्याज आणि दंडासाठी रक्कम अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालाने बसवून दिलं. पुढे २००८ च्या एका निकालात टँकर ड्रायव्हरचा पाय गुडघ्यापासून गेलेला होता. उच्च न्यायालयाने यादी दाखवून टक्का खाली आणला, सर्वोच्च न्यायालयाने सुताराच्या निकालाच्या आधारे परत १०० केला.

म्हणजे यादीतला आकडा जमीन आहे, छप्पर नाही. कायद्यातले शब्दही तसेच आहेत: अपघाताच्या वेळी माणूस जी कामं करायला समर्थ होता त्या सगळ्यांना तो मुकला, तर अपंगत्व पूर्ण. विमा कंपनीचा वकील हमखास विचारतो, "वॉचमनची नोकरी करू शकता ना? पानाची टपरी टाकू शकता ना?" हा प्रश्न ऐकून बापडा माणूस "हो, पोटासाठी करीन काहीतरी" म्हणतो आणि ते जबानीत जसंच्या तसं उतरतं.

पण उलट्या टोकालाही जाऊ नका. तीन बोटं गेलेल्या माणसाला "शंभर टक्के काढून देतो, निम्मे माझे" असं सांगणारे वकील वांद्र्याच्या कोर्टाबाहेर भेटतात. सुताराचा निकाल प्रत्येकाला लागू होत नाही. अंगठा आणि तर्जनी शाबूत असतील तर पकड राहते, आणि आयुक्तांना ती समोर दिसते. साकीनाक्याच्या या माणसाचा दावा मी ३० वर धरला, त्याच्या वर काही मिळालंच तर ते डॉक्टरच्या कागदावर अवलंबून. ज्यांना हे पटत नाही ते दुसऱ्या टेबलावर जातात, जाऊ देत.

मध्येच एक सांगायचं राहिलं. हा सगळा हिशोब ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचं, कार्ड नसलेल्यांचा. ज्या कारखान्यात दहा किंवा जास्त कामगार आहेत आणि पगार २१,००० पर्यंत आहे, तिथे सहसा ईएसआय लागू असतं आणि मग मालकाविरुद्ध भरपाईचा दावा करता येत नाही. तिथे वैद्यकीय मंडळ कमाईचा टक्का ठरवतं आणि एकरकमीऐवजी दरमहा हप्ता आयुष्यभर मिळतो. टक्का पटला नाही तर तिथे अपिलाची वाट वेगळी आहे. या माणसाच्या गाळ्यात सहा जण होते, म्हणून तो आमच्याकडे आला.

आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. सांगाडा तोच राहिला, इजांची यादी, ६० टक्के, वयाचा गुणक. भर पडली ती कामावर जाता-येताना होणाऱ्या अपघातांची, नोकरीशी संबंध दाखवता आला तर. आपल्या माणसाची बोटं त्याच्या आधीच गेली होती, म्हणून जुनाच कायदा.

दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षांची. दाखल्यानंतरचे आठ महिने धरूनही वेळ होता. मुंबईत कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच आयुक्त म्हणून बसतात. रक्कम देय झाल्यापासून महिनाभरात मालकाने दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि उशिराला काही सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. ५,११,८१२ वर एका वर्षाचं व्याज ६१,४१७ होतं. शेठने मध्यंतरी मेहुण्याला बोलावून मांडवली सुचवली होती, लाख रुपये रोख आणि कोऱ्या कागदावर सही. मेहुण्याने सही केली नाही हे त्याचं शहाणपण. हक्क सोडून देणारा असला करार कायद्याने रद्दच ठरतो. एकरकमी तडजोड करायचीच तर तिची नोंद आयुक्तांकडे व्हावी लागते आणि रक्कम तुटपुंजी वाटली तर ते नोंद नाकारू शकतात. पण ते सिद्ध करत बसण्यात दोन वर्षं जातात.

मग आम्ही डॉक्टरसाठी एक पानाचं वर्णन लिहायला घेतलं. "हा माणूस काय काम करायचा" एवढंच. कारण डॉक्टरने प्रेस पाहिलेला नसतो, आणि 'मशीन ऑपरेटर' या दोन शब्दांतून त्याला खुर्चीवर बसून बटण दाबणारा माणूस दिसतो. तो सांगत गेला, मी लिहीत गेले. पत्र्याची पट्टी दोन्ही हातांनी धरायची, डायखाली सरकवायची, बोटांनी आतल्या टोकाला टेकली का ते चाचपायचं, पायाने पेडल मारायचं, तुकडा उचलून पेटीत टाकायचा, पट्टी पुढे. मिनिटाला किती? त्याने डोळे मिटून टेबलावर हात चालवून मोजलं. डावा हात सरकत होता, उजवा जागेवर राहिला होता. "बारा-पंधरा," म्हणाला. पट्टीची धार बोटाला कापते म्हणून हातमोजे, हातमोज्यांतून नीट चाचपता येत नाही म्हणून ते काढून ठेवायचे, हेही लिहिलं. ते कोर्टात आपल्याविरुद्ध जाईल का, असं मेहुण्याने विचारलं. खरं आहे ना, मग लिहू दे, मी म्हटलं.

पान भरत आलं तेव्हा तो वाकून माझ्या अक्षरात बघत होता. "पेडल लिहिलंत ना, ताई?"

लिहिलं होतं.

"मग पाय दोन्ही धड आहेत हेसुद्धा लिहा. नाहीतर वाटेल, वाढवून सांगतोय."