कोपर आणि करार: डॉजर्सच्या हिवाळी पिचर-खरेदीमागची गोष्ट

ऑक्टोबर २०२३. लॉस एंजेलिस डॉजर्स, बेसबॉल सीझनमध्ये १०० मॅच जिंकून आलेली टीम, प्लेऑफमध्ये ॲरिझोना डायमंडबॅक्सपुढे सलग तीन मॅच हरून घरी गेली. पहिल्या मॅचला क्लेटन कर्शॉ, म्हणजे त्या क्लबचा या पिढीतला सगळ्यात मोठा पिचर, त्याने फक्त एक आउट काढला आणि सहा रन गेले. दुसऱ्या मॅचला बॉबी मिलर हा नवखा पोरगा दुसरी इनिंगही (इनिंग म्हणजे तीन आउट, मॅचमध्ये अशा नऊ) पुरी करू शकला नाही. तिसऱ्या मॅचला लान्स लिनला एकाच इनिंगमध्ये चार होमरन बसले. तिघांचे मिळून आउट किती, तर १४. चांगला दिवस असेल तर मॅच सुरू करणारा एकटा पिचर एका मॅचमध्ये १८ काढतो!

त्यानंतरच्या डिसेंबरमध्ये डॉजर्सनी जो पैसा ओतला त्यावर अजून वाद चालू आहेत, 'विकत घेतलेली टीम' वगैरे. मला त्या वादात पडायचं नाहीये, पण हिवाळ्यात पिचर गोळा करायची ही पद्धत आली कुठून ते सांगायचंय, कारण त्याची मुळं साठ वर्षं मागे जातात आणि गंमत म्हणजे त्यातली निम्मी गोष्ट याच एका क्लबच्या अंगणात घडलीय.

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी आधी थोडं. पिचर म्हणजे आपला बॉलरच, पण ओव्हर टाकून दुसऱ्याला बॉल द्यायचा असा प्रकार नाही. जो मॅच सुरू करतो तो स्टार्टर, मॅनेजर येऊन बदलेपर्यंत तोच टाकत राहतो, आणि सहसा एकदा बाहेर गेला की त्या मॅचमध्ये परत येत नाही. ९०-१०० चेंडू पूर्ण ताकदीने टाकले की त्याला किमान चार दिवस तरी विश्रांती लागते. सीझन १६२ मॅचचा, जवळजवळ रोज खेळ, सहा महिने. म्हणून पाच जण आळीपाळीने येतात, प्रत्येकाच्या वाट्याला ३२ च्या आसपास मॅच, याला म्हणतात रोटेशन. आपल्याकडे बुमराला इंग्लंडमध्ये पाचपैकी तीनच टेस्ट खेळवल्या तेव्हा केवढा गोंधळ झाला, इथे हा हिशोब रोजचाच आहे.

सुरुवातीला असं काही नव्हतंच. १८८४ मध्ये प्रॉव्हिडन्स ग्रेज नावाच्या टीमकडून चार्ल्स रॅडबर्न या एकाच माणसाने ६७८ इनिंग टाकल्या आणि ५९ मॅच जिंकून दिल्या. आजची अख्खी टीम वर्षभरात साधारण १४५० इनिंग टाकते, म्हणजे हा एकटा जवळपास निम्म्या. अर्थात तेव्हा पिचर आणि बॅटरमधलं अंतर ५० फूट होतं, ६० फूट ६ इंच झालं १८९३ मध्ये, बॅटरही वेगळे, सगळंच वेगळं. हळूहळू दोन पिचर, तीन पिचर, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चार जणांचं रोटेशन रुळलं.

१९६५ चे डॉजर्स बघा. सँडी कोफॅक्सने ३३५ च्या वर इनिंग टाकल्या, डॉन ड्रायस्डेलने ३०८, क्लॉड ऑस्टीनने २८७. तिघांच्या मिळून ९३० इनिंग! त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे सीझनच्या फायनलमध्ये, कोफॅक्सने पाचव्या मॅचला मिनेसोटाला शून्यावर ठेवलं आणि मधे फक्त दोन दिवस विश्रांती घेऊन सातव्या मॅचला परत शून्यावर ठेवलं. लोकांना हे आठवतं. त्याच्या डाव्या कोपरात संधिवात झालेला होता, मॅच संपली की तो हातावर रबराची बाही चढवून कोपर बर्फाच्या पाण्यात बुडवून बसायचा, आणि टाकायला उभं राहता यावं म्हणून कॉर्टिसोनची इंजेक्शनं घ्यायचा, हे मात्र कमी जणांना आठवतं.

आता त्या माणसाला पैसे किती मिळावेत? इथे गोष्टीचा दुसरा धागा येतो, कराराचा. तेव्हाच्या प्रत्येक करारात रिझर्व्ह क्लॉज असायचा, म्हणजे करार संपला तरी क्लब स्वतःच्या मर्जीने तो पुढे चालू ठेवू शकायचा, आणि खेळाडू आयुष्यभर त्याच क्लबला बांधलेला. त्यामुळे तेव्हाचा ऑफसीझन म्हणजे काय तर क्लबकडून पोस्टाने करार येणार, आकडा त्यांनी ठरवलेला, पटला तर सही करा नाहीतर घरी बसा. दुसऱ्या क्लबकडून पिचर आणायचा तर ट्रेड हाच खरा रस्ता, माणसाच्या बदल्यात माणूस, आणि त्यात ज्याची अदलाबदल होतेय त्याला कोणी विचारायचं नाही.

१९६६ च्या वसंतात कोफॅक्स आणि ड्रायस्डेल यांनी एक नवीनच गोष्ट केली. मॅनेजमेंट दोघांशी वेगवेगळं बोलून प्रत्येकाला दुसऱ्याचा आकडा दाखवायची, हे जेवायला भेटले तेव्हा दोघांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी ठरवलं की सही करू तर दोघं, नाहीतर कोणीच नाही. मागणी होती तीन वर्षांचे दोघांत मिळून १० लाख डॉलर. मार्चअखेर तडजोड झाली, कोफॅक्सला वर्षाचे सव्वा लाख आणि ड्रायस्डेलला एक लाख दहा हजार. मागितलेलं मिळालं नाही, पण दोन पिचर एकत्र आले तर क्लबला हलवू शकतात एवढं सगळ्यांना दिसलं. आणि त्याच वर्षी ३२३ इनिंग टाकून, २७ मॅच जिंकून कोफॅक्स नोव्हेंबरमध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी रिटायर झाला. कारण काय तर कोपर. मला ही बेसबॉलमधली सगळ्यात वाईट वाटणारी गोष्ट वाटते, कारण तो हरला नव्हता, त्याचा फॉर्म गेला नव्हता, त्याला फक्त म्हातारपणी तो हात वापरता यायला हवा होता.

पाच जणांचं रोटेशन १९७२ च्या सुमाराला नियमित वापरणाऱ्या पहिल्या टीममध्येही डॉजर्सच येतात. पुढच्या दहा-बारा वर्षांत बाकीच्यांनीही तेच केलं. पाचवा माणूस आला म्हणजे बाकी चौघांना एक दिवस जास्त मिळाला, पण त्याचबरोबर हिवाळ्यात शोधायचा एक पिचर वाढला.

मग १९७४-७५. सगळं एकदम या दोन वर्षांत झालं.

जुलै १९७४ मध्ये डॉजर्सच्या टॉमी जॉनच्या डाव्या कोपरातलं लिगामेंट फाटलं. तोवर असं झालं की करिअर संपलं, विषय संपला. टीमचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी सप्टेंबरमध्ये त्याच्या उजव्या मनगटातला टेंडन काढून डाव्या कोपरात बसवला, आणि यशाची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. १९७५ चा पूर्ण सीझन गेला, १९७६ मध्ये तो परत आला, आणि त्यानंतर १६४ मॅच जिंकून वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळला. आज ते ऑपरेशन त्याच्याच नावाने ओळखतात. नुसता विचार करा, हेच दहा वर्षं आधी झालं असतं तर कोफॅक्सचं काय झालं असतं. (त्याचा त्रास संधिवाताचा होता त्यामुळे तुलना सरळ होत नाही, तरी मनात येतंच.)

त्याच डिसेंबरमध्ये ओकलंडचा पिचर कॅटफिश हंटर मोकळा झाला. मालकाने करारात ठरलेले पैसे ठरल्याप्रमाणे भरले नाहीत म्हणून लवाद पीटर सीट्झ यांनी करारच रद्द धरला. हंटरच्या वकिलाचं ऑफिस नॉर्थ कॅरोलायनामधल्या अहोस्की नावाच्या छोट्या गावात, आणि त्या गावात एकामागून एक क्लबांची माणसं आकडे घेऊन यायला लागली. जो मालक काल पोस्टाने आकडा पाठवायचा तो आता पिचरच्या वकिलाच्या दारात उभा! ३१ डिसेंबरला न्यूयॉर्क यँकीजशी पाच वर्षांचा करार झाला, ३० लाख डॉलरच्या वरचा. बाजार उघडला तर भाव काय निघतो ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. पण पुढच्याच सीझनला हंटरने ३२८ इनिंग टाकल्या, नंतर खांदा गेला आणि ३३ व्या वर्षी तो रिटायर झाला. पिचरवर लांबच्या कराराचा पैसा लावण्यातला धोका पहिल्याच करारात दिसला होता.

पुढच्या वर्षी परत डॉजर्स. अँडी मेसरस्मिथने १९७५ चा अख्खा सीझन सही न करता खेळला, ३२१ इनिंग, आणि वर्ष संपल्यावर म्हणाला, क्लबला करार एकदाच वाढवता येतो, तो वाढवून झाला, आता मी मोकळा. २३ डिसेंबर १९७५ ला सीट्झ यांनी त्याच्या आणि डेव्ह मॅकनॅलीच्या (तोही सही न केलेला) बाजूने निकाल दिला, आणि मालकांनी लगेच सीट्झना काढून टाकलं, पण निकाल टिकला. हे दोघंही पिचर होते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

त्यानंतरच्या तडजोडीत ठरलं की सहा वर्षं लीगमध्ये काढली की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे करार संपला की कुठल्याही क्लबकडे जायला मोकळा. हा नियम कोरडा वाटेल पण आजच्या डिसेंबरच्या बाजाराची सगळी मेख त्यात आहे. पोरगा २३-२४ व्या वर्षी वर येतो, सहा वर्षं स्वस्तात टाकतो, आणि विकत घ्यायला मिळतो तेव्हा तिशी आलेली असते आणि हातावर हजारभर इनिंग चढलेल्या असतात. म्हणजे हिवाळ्यात क्लब जो पिचर विकत घेतो तो बहुतेक वेळा वापरलेला हात असतो, आणि भाव मात्र नव्याचा. डिसेंबर १९९८ मध्ये डॉजर्सनी केव्हिन ब्राउनला सात वर्षांचे साडेदहा कोटी डॉलर दिले, बेसबॉलमधला दहा कोटींच्या वर गेलेला पहिला करार, तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. काही सीझन अप्रतिम, मधली दोन वर्षं दुखापतींत, आणि करार संपायच्या आधीच ट्रेड.

या सहा वर्षांच्या भिंतीला वळसा घालायचा एक रस्ता जपानमधून निघाला. १९९५ मध्ये हिदेओ नोमो जपानमधून 'रिटायर' होऊन डॉजर्सकडे आला, ती पळवाट बंद करायला नंतर पोस्टिंगची पद्धत आली, म्हणजे जपानी क्लबला मोबदला द्यायचा आणि खेळाडूशी करार करायचा. यातून कधीकधी असा पिचर मिळतो जो तयार आहे आणि तरी तरुण आहे.

आता २०२३ च्या डिसेंबरकडे परत या म्हणजे सगळं जुळेल. बॅटिंग आणि पिचिंग दोन्ही करणाऱ्या शोहेई ओहतानीला दहा वर्षांचे ७० कोटी डॉलर, त्यातले ६८ कोटी नंतर द्यायचे, आणि कोपराचं ऑपरेशन झाल्यामुळे २०२४ मध्ये तो पिचिंग करणारच नव्हता. टायलर ग्लास्नोला टॅम्पाकडून ट्रेडमध्ये आणून साडेतेरा कोटींच्या वर करार, जो माणूस मेजर लीगच्या कुठल्याच सीझनमध्ये १२० च्या वर इनिंग टाकू शकला नव्हता. आणि २५ वर्षांचा योशिनोबू यामामोटो, बारा वर्षं, साडेबत्तीस कोटी, मेजर लीगमध्ये एकही चेंडू न टाकता. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये पहिल्याच मॅचला त्याने एका इनिंगमध्ये पाच रन दिले तेव्हा किती जणांनी त्याला निकालात काढलं होतं!

२०२४ मध्ये व्हायचं तेच झालं. यामामोटोचा खांदा, ग्लास्नोचं कोपर, एकेक करून सगळे बाहेर. वर्षभरात सगळ्यात जास्त इनिंग टाकणारा होता गॅविन स्टोन, १४० च्या आसपास, आणि शेवटी त्याचाही खांदा गेला. स्टोन आणि ग्लास्नो मिळून २७४, आणि १९६५ मध्ये कोफॅक्स एकटा ३३५! जुलैमध्ये डेट्रॉइटकडून जॅक फ्लॅहर्टी आणला, प्लेऑफला काही मॅच तर नुसत्या बुलपेनवर, म्हणजे एरवी स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचरांवर, काढल्या, आणि तरी वर्ल्ड सिरीज जिंकले. लगेच त्या हिवाळ्यात ब्लेक स्नेल १८ कोटी २० लाखांना आला, जानेवारीत रोकी सासाकी आला. लोक म्हणाले हाव आहे. मला विचाराल तर तो साधा हिशोब होता, पाच जागा भरायच्या तर आठ-नऊ हात हवेत, कारण तीन-चार मोडणार हे धरूनच चालायचं.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार, पहाटे साडेपाचला चहा घेऊन मी टीव्हीपुढे बसले होते, टोरंटोमध्ये वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच. (त्याच दिवशी संध्याकाळी नवी मुंबईत आपल्या मुलींची वर्ल्ड कप फायनल, असा दिवस परत येणार नाही.) आदल्याच मॅचमध्ये ९६ चेंडू टाकलेला यामामोटो नवव्या इनिंगला माउंडवर आला तेव्हा माझा विश्वासच बसेना. अजून ३४ चेंडू, आठ आउट, बरोबरीमुळे लांबलेली मॅच अकराव्या इनिंगला संपली. कोफॅक्सला मधे दोन दिवस मिळाले होते, याला एकही नाही. पण त्या सीझनला याच्या इनिंग होत्या १७३, कोफॅक्सच्या जवळपास निम्म्या, बहुतेक वेळा त्याला पाच-सहा दिवसांची विश्रांती मिळालेली, आणि माझ्या मते तो हात नोव्हेंबरमध्ये शिल्लक होता तो यामुळे.

त्याच्या करारात एक कलम आहे. २०२९ आणि २०३१ नंतर त्याला करार मोडून मोकळं होता येतं. पण तोवर त्याचं टॉमी जॉन ऑपरेशन झालं, किंवा उजव्या कोपरामुळे तो सलग १३४ दिवस बाहेर बसला, तर त्या तारखा आपोआप दोन-दोन वर्षं पुढे सरकतात.