आरपार दिसणारं पाणी शुद्धच असतं का?

‘ग्लासातून पलीकडचं स्वच्छ दिसलं की पाणी शुद्ध’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. गढूळपणा ओळखायला तो उपयोगी आहे, पण विरघळलेल्या पदार्थांना तो लागू पडत नाही. ग्लासभर पाण्यात चमचाभर मीठ पूर्ण विरघळवा आणि शेजारी साधं पाणी ठेवा. डोळ्यांना फरक कळणार नाही.

कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यातलं उदाहरण घ्या. पिकाने न घेतलेल्या युरियाचा काही भाग नायट्रेट होऊन विहिरी-बोअरमध्ये झिरपू शकतो. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. (उकळूनही ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं दाट होतं.)

मग मोजायचं कसं? नायट्रेट दृश्य प्रकाश सोडून देतं, पण 220 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषतं. स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावणाने कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश शोषला हे मोजणारं यंत्र, हेच पाहतो. इथे आकड्याची एक गंमत आहे: निम्मा प्रकाश पार जात असेल, तर नायट्रेटची तीव्रता (म्हणजे पाण्यातलं प्रमाण) दुप्पट केल्यावर तो शून्य होत नाही, पाव उरतो. म्हणून लॉगरिदमने ‘शोषणांक’ काढतात. विरल द्रावणात तो तीव्रतेच्या प्रमाणात वाढतो. आधी माहीत असलेल्या तीव्रतेच्या द्रावणांवरून आलेखावर सरळ रेष आखायची, मग नमुन्याचा अंक त्या रेषेवर वाचायचा. सेंद्रिय पदार्थही 220 ला शोषतात, म्हणून जिथे नायट्रेट शोषत नाही त्या 275 वर मोजून तेवढी दुरुस्ती करतात.

बोअरचं पाणी पीत असाल, तर पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना देताना ‘नायट्रेटही बघा’ असं आवर्जून सांगा.